हिरव्या टेबलावरची रोजी: हुसेन वफाई यांच्या कमाईचा हिशोब

मुलगा इशाच्या नमाजीनंतर घरी यायचा, तो हल्ली अकरा वाजता येतो. विचारलं तर म्हणतो, "अम्मी, क्लबमध्ये होतो, स्नूकर खेळत होतो." मग घरात वादाला तोंड फुटतं. अब्बा म्हणतात, ते अड्डे आहेत, तिथे चांगली पोरं जात नाहीत. मुलगा मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, हे बघा, हा खेळाडू इराणचा आहे, आपल्यातलाच आहे, एका स्पर्धेत पन्नास हजार पौंड जिंकला. अब्बा गप्प होतात, पण पटत नाही. असे प्रश्न आमच्याकडेही अधूनमधून येतात. ह्यात खरंच पैसा आहे का? असला तर तो किती जणांच्या हाती लागतो? आणि मुख्य म्हणजे, तो पैसा कुठून येतो?

मुलाने मोबाईलवर दाखवलेला तो खेळाडू बहुतेक हुसेन वफाईच असणार. म्हणून त्यांच्याच कारकिर्दीचा हिशोब आम्ही इथे मांडतो आहोत.

वफाई यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९९४ चा, इराणमधल्या आबादान शहरातला. आबादान म्हणजे तेलशुद्धीकरणाचं गाव. इराण-इराक युद्धात हे शहर पार उद्ध्वस्त झालं होतं, आणि युद्ध संपल्यावर सहा वर्षांनी हा मुलगा जन्मला. अशा ठिकाणाहून स्नूकरचा खेळाडू निघेल असं कुणाला वाटलं नसतं, कारण हा खेळ मुळात इंग्रजांचा. नाही म्हणायला, इंग्रजांनी तो शोधला तो आपल्याकडेच. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवून हा नवा खेळ काढला अशी नोंद आहे. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. तरी आजही सगळा व्यावसायिक कारभार चालतो तो ब्रिटनमधूनच, आणि वफाई यांचं पहिलं दुखणं नेमकं इथेच सुरू झालं.

२०११ च्या अखेरीस बंगळुरूत हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा झाली. सतरा वर्षांच्या वफाई यांनी अंतिम सामन्यात वेल्सच्या ली वॉकर यांना १० विरुद्ध ९ फ्रेमने हरवलं. शेवटच्या फ्रेमपर्यंत ताणलेला सामना! ह्या विजेतेपदाचं खरं बक्षीस पैशात नव्हतं. ते होतं व्यावसायिक टूरचं दोन वर्षांचं कार्ड. हे कार्ड मिळालं की तुम्ही जगातल्या निवडक व्यावसायिकांपैकी एक झालात.

पण कार्ड हातात असलं तरी टेबल ब्रिटनमध्ये. तिथे राहून खेळायला व्हिसा लागतो, आणि इराणी पासपोर्टवर तो मिळेना. सतरा-अठरा-एकोणीस ही वर्षं स्नूकरमध्ये सोन्यासारखी असतात, कारण हात आणि नजर ह्याच वयात पक्की होते. ती वर्षं ह्या मुलाने कागदपत्रांमागे घालवली. कार्डाची मुदत चालू राहिली आणि तो घरी बसून राहिला. २०१४ मध्ये फुजैराला एकवीस वर्षांखालची जागतिक स्पर्धा जिंकून त्याने पुन्हा दार ठोठावलं. त्यानंतर कुठे मार्ग मोकळा झाला. इराणमधून व्यावसायिक टूरवर पोहोचलेला हा पहिला खेळाडू.

आपल्याकडच्या पालकांनी इथे क्षणभर थांबावं. पासपोर्ट, व्हिसा, बँकेतला पैसा, मुलाखतीची तारीख, ह्या गोष्टी आपण हज-उमरा आणि गल्फच्या नोकरीत पाहिलेल्या आहेत. खेळाडूच्या बाबतीतही त्या तशाच असतात. क्यू कितीही सरळ चालला तरी शिक्क्याशिवाय विमानात बसता येत नाही.

आता पैशाकडे येऊ. स्नूकरच्या खेळाडूला पगार नसतो, हे आधी लक्षात घ्या. क्रिकेटपटूला बोर्डाचा करार असतो, आयपीएलमध्ये लिलाव होतो, खेळला नाही तरी मानधन मिळतं. स्नूकरमध्ये तसलं काही नाही. हा माणूस म्हणजे एकट्याची दुकानदारी. जिंकला तर गल्ला, हरला तर शटर खाली. भविष्यनिर्वाह निधी नाही, पेन्शन नाही, आजारपणाची भरपगारी रजा नाही.

टूरवर साधारण १२८ खेळाडू असतात. त्यांची क्रमवारी लागते ती गुणांवर नाही, पैशावर. मागच्या दोन वर्षांत मानांकनाच्या स्पर्धांमधून तुम्ही जितके पौंड जिंकलात तितके तुमचे गुण. दोन वर्षं उलटली की जुनी रक्कम यादीतून गळून पडते. म्हणजे गेल्या वर्षीचा विजय तुम्हाला आयुष्यभर पुरत नाही. दुकान रोज उघडावंच लागतं. हंगाम संपताना पहिल्या ६४ मध्ये असलात तर कार्ड टिकतं. नसलात, आणि दोन वर्षांची मुदतही संपली असेल, तर टूरच्या बाहेर. मग पुन्हा पात्रता शाळेत, ज्याला ते क्यू स्कूल म्हणतात, फी भरून उतरायचं. तिथे बक्षिसाचा पैसा नसतो, असतं ते फक्त कार्ड. अलीकडे आशियातल्या खेळाडूंसाठी ही शाळा बँकॉकलाही भरते.

पहिल्या १६ मध्ये असणं ही वेगळीच गोष्ट. जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीत त्यांना थेट प्रवेश मिळतो. बाकीच्यांना शेफिल्डमध्ये पात्रता फेऱ्यांतून झगडत यावं लागतं.

ही जागतिक स्पर्धा शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये १९७७ पासून होते. नाटकाचं छोटंसं थिएटर, हजाराच्या आत प्रेक्षक. पण स्नूकरच्या माणसाला तिथे उतरणं म्हणजे सगळं. वफाई तिथे पहिल्यांदा उतरले २०२२ मध्ये, आणि असा मान मिळवणारे ते पहिले इराणी ठरले. पहिल्याच फेरीत मार्क सेल्बी समोर आले. सेल्बी त्या वेळचे गतविजेते. वफाई १० विरुद्ध ७ ने हरले.

हरले, तरी मिळालं काय? ह्या स्पर्धेची बक्षिसं त्या काळात अशी होती. विजेत्याला पाच लाख पौंड, उपविजेत्याला दोन लाख, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला एक लाख, उपांत्यपूर्व फेरीत पन्नास हजार, शेवटच्या सोळात तीस हजार आणि क्रूसिबलवर पहिलाच सामना हरला तरी वीस हजार. पौंडाचा भाव हिशोबाला शंभर रुपये धरा. म्हणजे वफाई यांना हरूनही वीस लाख रुपये. वाचायला भारी वाटतं. पण ह्याच जिन्याची खालची पायरी बघा. पात्रता फेरीत पहिला सामना हरणाऱ्याला शून्य. वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा, त्यासाठी महिनोन्‌महिने सराव, हॉटेलचं बिल, प्रवास, आणि हातात काहीच नाही. त्याच्या वरच्या पायरीवर पाच हजार, मग दहा, मग पंधरा. मुलगा मोबाईलवर जे दाखवतो तो जिन्याचा वरचा भाग. खालच्या पायऱ्यांवरच्या माणसांचे व्हिडिओ कुणी बनवत नाही.

२०२२ आणि २०२३ ही दोन्ही वर्षं अशी की क्रूसिबलची स्पर्धा आणि रमजान एकमेकांत गुंतले होते. एक सामना दोन-दोन, तीन-तीन सत्रांत चालतो, सत्र तासन्‌तास लांबतं. वफाई यांनी रोज्यांचं कसं सांभाळलं हा त्यांचा आणि त्यांच्या रबचा मामला आहे, आम्ही त्यात पडत नाही. पण जो मुलगा ह्या खेळात जायचं म्हणतो त्याने कॅलेंडर समोर ठेवून हा विचार आधीच केलेला बरा.

मोठा चेक मात्र त्याआधी आला होता, जानेवारी २०२२ मध्ये, लेस्टरला. स्पर्धेचं नाव शूट आउट. स्नूकरमधला हा टी-ट्वेंटीच म्हणा ना. सामना एकाच फ्रेमचा आणि फ्रेम दहा मिनिटांची. पहिली पाच मिनिटं प्रत्येक शॉटला पंधरा सेकंद, नंतर दहा सेकंद. घड्याळ वाजतं, प्रेक्षक ओरडतात, एरवीच्या शांत स्नूकरची सगळी अदब खुंटीला टांगलेली. १२८ खेळाडूंतून विजेता व्हायला सात सामने जिंकावे लागतात. म्हणजे टेबलावरचा वेळ मोजला तर जास्तीत जास्त सत्तर मिनिटं. वफाई यांनी अंतिम सामन्यात मार्क विल्यम्स ह्या तीन वेळच्या जगज्जेत्याला हरवलं आणि पन्नास हजार पौंड जिंकले. मानांकनाची स्पर्धा जिंकणारे ते पहिले इराणी झाले.

सत्तर मिनिटांत पन्नास लाख रुपये! पण हा हिशोब फसवा आहे. बंगळुरूच्या त्या विजयापासून लेस्टरच्या ह्या विजयापर्यंत दहा वर्षं गेली. सतराव्या वर्षी हौशी खेळातला जगज्जेता झालेला माणूस व्यावसायिक खेळातली पहिली मोठी ट्रॉफी सत्ताविसाव्या वर्षी उचलतो. मधल्या काळात २०१७ च्या चायना ओपनची उपांत्य फेरी होती, बाकी बरीच वर्षं पहिल्या-दुसऱ्या फेरीतली ये-जा. पन्नास हजारांना सत्तर मिनिटांनी भागायचं नाही, दहा वर्षांनी भागायचं.

पुढचं वर्ष त्यांचं चांगलं गेलं. जानेवारी २०२३ मध्ये लंडनच्या मास्टर्स स्पर्धेत त्यांना जागा मिळाली. तिथे फक्त वरच्या सोळांना बोलावतात. पहिल्याच सामन्यात त्यांनी सेल्बींना ६-२ ने हरवून क्रूसिबलचा हिशोब चुकता केला. त्या फेरीपर्यंतचे तीस हजार पौंड झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्रूसिबलवर चीनच्या डिंग जुनहुईना १०-६ ने हरवून ते शेवटच्या सोळात पोहोचले, त्याचे आणखी तीस हजार. शूट आउटचे पन्नास, पहिल्या क्रूसिबलचे वीस, मास्टर्सचे तीस आणि हे तीस, मिळून एक लाख तीस हजार पौंड. सव्वा वर्षात ह्या चारच स्पर्धांचे सव्वा कोटी रुपयांच्या वर. बाकीच्या स्पर्धांचं वेगळं.

आता ह्यातून जातं किती ते बघू. खेळाडू ब्रिटनमध्ये राहतो, म्हणजे घरभाडं तिथलं. सरावाचं टेबल रोज पाच-सहा तास लागतं, त्याचं भाडं किंवा अकादमीची फी. स्पर्धा इंग्लंड, वेल्स, जर्मनी, चीन अशा विखुरलेल्या. तिकीट आणि हॉटेल खेळाडूच्या खिशातून. व्यवस्थापक असेल तर त्याचा हिस्सा. प्रशिक्षक वेगळा. वरून कर. आणि हे सगळे खर्च जिंकण्याच्या आधी करायचे असतात, चेक मागाहून येतो, आला तर. रमजानच्या बाजारात माल भरणाऱ्या दुकानदाराला हे समजावून सांगायला नको.

ह्या खर्चापायी खालच्या नंबरांचे कितीतरी खेळाडू अडचणीत येतात. शेवटी मंडळाने २०२२-२३ च्या हंगामापासून एक सोय केली. टूरवरच्या खेळाडूची हंगामातली कमाई वीस हजार पौंडांपेक्षा कमी भरली तर उरलेली रक्कम मंडळ देईल. वीस हजार पौंड आपल्याला वीस लाख वाटतात, पण ते इंग्लंडात राहून, प्रवास करून, टेबलाचं भाडं देऊन वर्षभर पुरवायचे आहेत. जगातल्या पहिल्या सव्वाशे खेळाडूंपैकी असलेल्या माणसाची हमी एवढीच. जगातल्या पहिल्या सव्वाशे डॉक्टरांची किंवा वकिलांची कमाई किती असेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

ज्या मास्टर्सबद्दल वर लिहिलं, तिथे वफाई यांना जागा कशी मिळाली हेही सांगायला हवं. चीनचे दोन खेळाडू, यान बिंगताओ आणि झाओ शिनतोंग, निलंबित झाले होते म्हणून. प्रकरण सामना निश्चितीचं, म्हणजे सट्टेबाजांसाठी निकाल आधीच ठरवण्याचं. चौकशीत दहा चिनी खेळाडू सापडले. जून २०२३ मध्ये शिक्षा झाल्या, दोघांवर तर आजन्म बंदी आली. त्यातल्या यान बिंगताओची गोष्ट मनाला लागते. २०१४ मध्ये तोही बंगळुरूतच हौशी खेळातला जगज्जेता झाला होता, वय अवघं चौदा. २०२१ मध्ये मास्टर्स जिंकून अडीच लाख पौंड कमावले. आणि दोनच वर्षांत पाच वर्षांची बंदी. वफाई आणि यान, दोघंही एकाच शहरात एकच किताब जिंकून निघाले, आणि एकाची खुर्ची दुसऱ्याच्या पतनामुळे रिकामी झाली. झाओची शिक्षा कमी होती, वीस महिन्यांची. ती भोगून तो परतला आणि २०२५ मध्ये जगज्जेता झाला. पाच लाख पौंड आणि आशियातला पहिला जगज्जेता हा मान त्याच्या नावावर आहे. यान मात्र अजून बाहेर आहे.

अब्बांचा संशय इथे अगदीच बिनबुडाचा नाही, हे मान्य करावं लागतं. ह्या खेळाच्या अवतीभवती जुगार आहे. नुसता चोरट्या मार्गाने आहे असंही नाही, तो जाहिरातीच्या फलकावर आहे. ब्रिटनमध्ये बेटिंग हा कायदेशीर धंदा आहे आणि स्नूकरला वर्षानुवर्षं पैसा पुरवणाऱ्यांत ह्या कंपन्या पुढे राहिल्या. जागतिक स्पर्धेच्या नावाआधी अनेक वर्षं बेटफ्रेडचं नाव होतं. वफाई यांनी जिंकलेल्या त्या शूट आउटची प्रायोजक बेटव्हिक्टर ही बेटिंग कंपनीच होती. खेळाडू स्वतः पैज लावत नाही. लावलीच, मग ती स्नूकरच्या कुठल्याही सामन्यावर असो, तर नियमाने शिक्षा होते. पण बक्षिसाच्या पैशात त्या कंपनीचा वाटा असतो.

मग अशी कमाई हलाल की हराम? आम्ही बातम्या लिहिणारी माणसं आहोत, फतवा देणं आमचं काम नाही. एवढं मात्र सर्वसाधारणपणे सांगितलं जातं की खेळणाऱ्यांनी आपापला पैसा मध्ये टाकायचा आणि जिंकणाऱ्याने सगळा उचलायचा, हा किमार, जुगार. बाहेरच्या कुणी जाहीर केलेलं बक्षीस ही वेगळी बाब, त्यावर उलेमांनी आपापल्या अटी सांगितल्या आहेत, आणि बक्षीस देणाऱ्याचा धंदाच जुगाराचा असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. तुमच्या घरात हा प्रश्न खरोखर उभा राहिला असेल तर मुलाला घेऊन एखाद्या जाणत्या मुफ्तीसाहेबांकडे बसा, आणि त्यांना स्नूकरचा पैसा कसा येतो ते सगळं आधी नीट सांगा. अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळणार.

मुद्दा फक्त इंग्लंडचाही नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या क्लबात काय चालतं? "हरेल त्याने टेबलाचं भाडं द्यायचं", हा तर जवळजवळ दस्तूरच आहे. मुलं त्याला पैज समजतच नाहीत. मग हळूहळू फ्रेममागे शंभर, दोनशे. आमच्या मते पालकांनी विचारायला हवा तो पहिला प्रश्न हाच. "तू स्नूकर खेळतोस का" हा नव्हे, तर "टेबलाचे पैसे कोण देतं" हा. टेबलाचं भाडं अर्धं-अर्धं वाटून घ्यायचं एवढी साधी सवय लावली तरी बरंच काही सुटतं. सिगारेटचा धूर नसलेला, कॅमेरे असलेला, मुलं काय वयाची येतात ते बघणारा क्लब शोधा. बारा फूट बाय सहा फुटांचं टेबल घरात मावत नाही, त्यामुळे क्लबाला पर्याय नाही.

स्वभावाचाही भाग असतो. २०२१ मध्ये एका पात्रता सामन्यात रॉनी ओसुलिव्हन ह्या सात वेळच्या जगज्जेत्याने वफाई यांच्याविरुद्ध सुरुवातीचाच शॉट लाल बॉलच्या ढिगाऱ्यात जोरात हाणला, जणू सामन्याची किंमतच नाही. वफाई ५-० ने जिंकले, पण अपमान विसरले नाहीत. २०२३ च्या क्रूसिबलवर हे दोघं समोरासमोर आले. वफाई सामन्याआधी पत्रकारांसमोर बरंच बोलले, आणि टेबलावर तसाच ढिगारा फोडणारा शॉट मारून फिटंफाट केली. गॅलरी खूश झाली. सामना मात्र १३-२ ने गेला. जिंकले असते तर उपांत्यपूर्व फेरी, म्हणजे तीसऐवजी किमान पन्नास हजार. तो एक शॉट वीस हजार पौंडांना पडला असं म्हणणं अन्याय होईल, ओसुलिव्हन एरवीही जिंकलेच असते. पण राग खिशाला परवडत नाही, हे आमच्या बाजारातला कुठलाही बुजुर्ग सांगेल.

अलीकडे पैशाचा एक नवा झरा सुरू झाला आहे, तो सौदीत. मार्च २०२४ मध्ये रियाधला एक निमंत्रितांची स्पर्धा झाली. त्यात टेबलावर एक सोनेरी बॉल जास्तीचा ठेवला होता. एरवी स्नूकरमध्ये एका दमात जास्तीत जास्त १४७ गुण होतात. १४७ करून हा वीस गुणांचा बॉलही घातला तर १६७ होणार आणि पाच लाख डॉलर मिळणार, असं बक्षीस लावलं. त्या वेळी कुणाला जमलं नाही. त्याच वर्षी सौदी अरेबिया मास्टर्स सुरू झाली, एकूण बक्षिसं वीस लाख पौंडांच्या वर, विजेत्याला पाच लाख, म्हणजे क्रूसिबलच्या बरोबरीने. पहिली जड ट्रम्प यांनी जिंकली, २०२५ ची नील रॉबर्टसन यांनी. ज्या जेद्दाह विमानतळावर आपले हाजी उतरतात त्याच शहरात २०२५ मध्ये स्नूकरचा सगळ्यात मोठ्यांपैकी एक चेक फाटला. जमाना किती बदलला!

आपल्या बाजूला काय आहे? मुंबईचे यासीन मर्चंट हे नाव जुन्या लोकांना आठवत असेल. १९८९ मध्ये ते आशियाई विजेते झाले, आणि बारा वर्षांनी, २००१ मध्ये, पुन्हा. मधल्या काळात टिकून राहणं किती कठीण ते वर वाचलंच. मुंबईचेच आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचले होते, तिथे डिंग जुनहुईंकडून हरले. आणि पुण्यात जन्मलेले पंकज अडवाणी, जागतिक किताबांची रास ज्यांच्या नावावर आहे, ते २०१२ मध्ये व्यावसायिक टूरवर गेले आणि दोन वर्षांत कार्ड सोडून परत आले. बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्ही खेळायचे होते, आणि भारतात राहायचं होतं. अडवाणींना ओएनजीसीची नोकरी आहे. आपल्याकडे ह्या खेळात स्थिर भाकरी मिळते ती मुख्यतः अशी, तेल कंपन्यांच्या नोकरीतून. राष्ट्रीय पातळीवर चमकलेला खेळाडू पेट्रोलियम कंपन्यांच्या संघात येतो, महिन्याला पगार घेतो, आणि स्पर्धा खेळतो. इंग्लंडच्या टूरवर सत्तराव्या नंबरवर असलेल्या माणसापेक्षा ह्या माणसाची रात्रीची झोप बहुधा जास्त चांगली असेल.

शेजारच्या पाकिस्तानचं उदाहरणही घ्या. मुहम्मद आसिफ हौशी जागतिक स्पर्धा तीनदा जिंकले, २०१२, २०१९ आणि २०२४ मध्ये. २०२२ मध्ये दोह्यात अहसन रमजान हा सोळा वर्षांचा मुलगा इराणच्या अमीर सरखोश यांना अंतिम फेरीत हरवून जगज्जेता झाला. म्हणजे हुनर आपल्या भागात भरपूर आहे. पण हौशी जगज्जेतेपद आणि व्यावसायिक कमाई ह्यांच्यामध्ये समुद्र आहे, आणि तो पार करायला व्हिसा, पैसा आणि दहा वर्षांचा दम लागतो. वफाई पार करू शकले. करू न शकलेल्यांची यादी मोठी आहे.

तेव्हा मुलगा पंधरा-सोळाचा असेल आणि हात खरोखर चांगला असेल, तर आधी त्याला जिल्ह्याच्या आणि राज्याच्या संघटनेच्या कनिष्ठ गटाच्या स्पर्धांत उतरवा. तिथे कळतं की तो क्लबातला राजा आहे की खेळाडू आहे. दहावी-बारावीची परीक्षा सोडू देऊ नका, कारण तेल कंपनीची किंवा रेल्वेची खेळाडू कोट्यातली नोकरीसुद्धा शिक्षणाचा दाखला मागते. पासपोर्ट काढून ठेवा. आणि रात्री अकराला घरी येणं बंद करा, सराव सकाळीही होतो. फजरनंतर क्लब रिकामा असतो, टेबलाचं भाडंही बऱ्याच ठिकाणी कमी पडतं.